सावली न पडलेलं पान

आधी मावशीचे हात सांगायला हवेत. बाकीचं मागाहून.

एकतीस वर्षं ती कागद गिरणीत निवडणारी होती. रद्दीचे गठ्ठे यायचे, पट्ट्यावर पसरले जायचे आणि पट्टा मावशीपुढून सरकत राहायचा. पुस्तक दिसलं की उचलायचं, डाव्या हाताने उघडून पालथं धरायचं, उजव्या हातातल्या आकडी सुरीने पुठ्ठा कण्यापासून सोडवायचा. मग झटकायचं. पिना, प्लॅस्टिक, चिकटपट्टी, सुकलेली फुलं, खुणेच्या दोऱ्या, जे जे पुस्तकाचं नाही ते बादलीत. उरलेला कागद पुढे. लगद्यात सरस गेला की डाग पडतो, पीन गेली की चाळणी फाटते. तासाला दीडशे पुस्तकं व्हायला हवीत. कमी झाली की मुकादम येऊन पाठीमागे उभा राहायचा. मावशीच्या पाठीमागे तो एकतीस वर्षांत दोनदा उभा राहिला. एकदा तिला ताप होता. दुसऱ्यांदा त्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि त्याला सुईदोरा हवा होता.

एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण वाचलं काय? पट्टा सरकताना डोळ्यांपुढून जाईल तेवढं. कुणाचं तरी लग्न मोडलेलं, कुणी तरी जिना चढतंय, कुणाला तरी पत्र आलंय. पुढचं पान लगद्यात.

निवृत्त झाल्यावर पहिले पंधरा दिवस तिने घरातल्या सगळ्या वह्यांच्या पिना काढल्या. सूनबाईने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, माझ्या हिशेबाच्या वहीची पानं वाऱ्यावर उडतायत. तुमचे हात शिवशिवत असतील तर कपाट आवरायला घ्या."

"कपाट झालं काल."

"मग जा कुठे तरी फिरायला."

मावशी फिरायला गेली ती थेट कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात. तिथे पुस्तकांचा ढीग पडला होता. सवयीने एक उचललं, मध्यावर उघडलं, अंगठा दाबला. दोरा पक्का होता. शिवण सगळीकडून सारखी.

"हे कुठे चाललंय?" तिने विचारलं.

"तुमच्याच गिरणीत की, मावशी."

"अहो, पण हे अजून वीस वर्षं चालेल."

"मग चालवा तुम्ही," रद्दीवाला म्हणाला आणि तागडीकडे वळला.

त्याला वाटलं, विषय संपला. मावशीने त्या दिवशी दोन पिशव्या भरून पुस्तकं वजनावर उचलली आणि इमारतीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत फळ्या ठोकून लावली. आयुष्यभर ज्या मालाची वाट बघितली, तोच माल ती आता वाटेतच अडवायला लागली.

तिचं म्हणणं साधं होतं. कागदाचा पुन्हा कागद होतो हे खरं, पण फुकट होत नाही. भिजवायला पाणी, ढवळायला वीज, वाळवायला आच, आणि निवडायला कुणाची तरी पाठ. ज्याची शिवण शाबूत आहे ते पुस्तक फाडायचं म्हणजे धडधाकट माणसाला घरी बसवायचं. "मला बसवलं तेवढं पुरे," ती म्हणायची.

दर शनिवारी ती दुकानात जायची आणि पुस्तकं भाजी निवडावी तशी निवडायची. नाव बघायची नाही, लेखक बघायची नाही. कणा दाबायची, पानं कानाशी धरून फडफडवायची, वास घ्यायची. बुरशी असेल तर खाली. नुसतं चिकटवलेलं असेल तर वाकवून बघायची. कटकट आवाज आला की खाली. अशी शंभरातली बारा-तेरा घरी यायची. घरी आली की उन्हात दोन दिवस, मग साफसफाई. आतला सगळा कचरा बाहेर, कोपरे सरळ, सुटलेल्या पानाला खळ. एका पुस्तकाला वीस मिनिटं. घाईत केलेलं काम तिला चालत नसे, आणि रेंगाळत केलेलं त्याहून नाही.

जिन्याखालचा नियम एका ओळीचा होता. न्या, वाचा, परत आणा. नाही आणलंत तर बदल्यात दुसरं आणा. नोंद नाही, तारीख नाही. आधी लोक हसले. मग नेऊ लागले. वर्षभरात अशी पाळी आली की, ओले कपडे कुणाच्या गॅलरीत ठिबकतात यावरून सहा वर्षं अबोला धरलेली दोन घरं एकाच कादंबरीसाठी जिन्यात भांडताना सापडली. भांडण का होईना, बोलली तर खरी.

मावशीचा अभिमान एकच. तिच्या फळीवरचं पुस्तक उघडलं की आत कचरा नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

समोरच्या गल्लीत मास्तरांचं शिंप्याचं दुकान होतं. मास्तर मावशीपेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणत. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. मास्तरीणबाई दुपारी दुकानात येऊन बसायच्या आणि मास्तर मशीन चालवत असताना त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. हे तीस वर्षं चाललं. मास्तरांना अक्षरं येत नव्हती असं नाही. पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात कुठे झाली ते विसरायला व्हायचं.

एका सकाळी मास्तर हातगाडीवर अडतीस पुस्तकं घेऊन आले. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं, तोच कागद ज्यावर ते कपड्यांचे नमुने कापायचे.

"घ्या मावशी. धूळ खाण्यापेक्षा लोकांनी खाल्लेली बरी."

"एखादं तरी ठेवा, मास्तर."

"ठेवून काय करू? उशाला घेऊ?"

मावशीने पुस्तकं बघितली आणि तिला भरून आलं. एकही कोपरा दुमडलेला नाही. तिने दोन दिवस मान वर न करता सगळी साफ केली. खाकी कव्हरं काढली. आत खुणेसाठी घातलेल्या खाकी पट्ट्या होत्या, दोन बोटं रुंद, कात्रीने सरळ कापलेल्या. कशात एक, कशात चार. त्याही काढल्या. पट्ट्या चांगल्या कागदाच्या होत्या म्हणून फेकल्या नाहीत, एका डब्यात भरून ठेवल्या. आठवड्याभरात अडतिसातली तीस घरोघरी गेली.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर जिन्याशी आले. गळ्यात टेप तशीच.

"मावशी, एक काम होतं. म्हटलं तर काम, म्हटलं तर वेडेपणा."

"बोला की."

"त्या पुस्तकांमधलं एक अर्धं राहिलंय. शेवटचं. आमची ही वाचत होती आणि मग दवाखाना आला. मला वाटलं, जाऊ दे. पण मशीनवर बसलं की तेच डोक्यात. एक घड्याळजी असतो. त्याची धाकटी बहीण घर सोडून जाते. ती परत येते का, एवढंच हवंय. खूण घातलेली असेल. तिथून पुढं कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल. मागचं नको. मागचं तिच्या आवाजात आहे माझ्याकडं."

मावशी आत गेली, डबा आणला आणि उघडून त्यांच्यापुढे धरला. आत पट्ट्यांचा गुंता.

मास्तरांनी डब्यात बघितलं. एक पट्टी उचलली, चिमटीत फिरवली, परत ठेवली.

"बरं, बरं," ते म्हणाले. "असू दे. तुम्हाला काय ठाऊक?"

तेच तिला लागलं. ओरडले असते तर परवडलं असतं. एकतीस वर्षांत तिच्या कामाला कुणी 'असू दे' म्हटलं नव्हतं.

"थांबा, मास्तर. खूण सापडेल."

"कशी सापडेल? तुम्ही काय भविष्य बघता?"

"कागद बघते." तिने फळीवरून त्यांच्यापैकीच एक जुनं पुस्तक काढलं, पानं चाळली आणि उघडून उजेडाकडे धरलं. पांढऱ्या पानावर दोन बोटं रुंद फिकट तपकिरी पट्टा उमटला होता. समोरच्या पानावर तसाच. "खाकी कागद कच्चा असतो. वर्षानुवर्षं एका जागी बसला की शेजारच्या पानावर सावली सोडतो. माणूस उठला तरी बसायची जागा खोल राहते ना, तसं."

मास्तर वाकले. बोट फिरवलं. त्या सावलीशेजारच्या दोन ओळी ओठांनी जुळवत जुळवत वाचल्या आणि एकदम हसले. "अहो, हा तो रेड्यावर बसून सासरी जाणारा! हे मी तिला तीनदा वाचायला लावलं होतं."

"बघा. तुमच्या घड्याळजीचं पण काढते. उद्या."

घड्याळजी शोधायला वेळ लागला नाही. ते पुस्तक कंडक्टरबाईकडे होतं. ही दुसऱ्या मजल्यावर राहायची, बसवर कंडक्टर होती, आणि आवाज असा की घरात बोलली तरी माणसं पुढे सरकायची. मावशीने तिच्याकडून पुस्तक घेतलं, तिथेच खिडकीशी बसली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाचायला नाही, बघायला. पान तिरकं धरायचं, उजेड घ्यायचा, उलटायचं. तीनशे बारा पानं झाली. सावली नाही.

परत पहिल्यापासून. परत नाही.

मग तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला. सावली पडायला वर्षं लागतात. ही पट्टी आत राहिली जेमतेम पाच महिने.

तरी तिने हार मानली नाही. वाचलेल्या पानांचा खालचा कोपरा बोटांनी मळतो, न वाचलेल्यांचा कोरा राहतो. मळ जिथे संपेल तिथे खूण. तिने कोपरे बघितले. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सगळे कोपरे सारखे मळलेले, वर थोडे फुगलेलेही.

"अगं, हे ओले कसे झाले?"

"ओले कुठे? मी बोट ओलं करून पान उलटते," कंडक्टरबाई म्हणाली. "तिकिटं फाडून फाडून सवय. दोनदा वाचलं मी, मावशी! काय गोष्ट आहे! ती बहीण शेवटी..."

"तोंड बंद!"

"अहो, पण मी तुम्हाला..."

"मलाही नाही, भिंतीलाही नाही. एक शब्द काढलास तर बघ."

कंडक्टरबाई गप्प बसली. पण तिचं तोंड बघवत नव्हतं. भरलेली बस आणि दार उघडायचं नाही, असं तिला झालं.

मावशी दुकानात गेली. जाताना तिने वाक्य तयार केलं होतं, पण मशीनपुढे उभी राहिल्यावर ते आठवेना. "मास्तर, मला नाही सापडलं," ती म्हणाली. "दोनदा बघितलं. कामात चूक माझी. बाकीच्या सगळ्या पट्ट्या जागेवर घालून देईन, पण ही नाही येत."

मास्तरांनी मशीन थांबवली नाही. बाही संपवली, दोरा तोडला, मग वर बघितलं.

"कापड दोनदा मोजून चुकलं, तर शिंपी काय करतो ठाऊक आहे? परत टोकापासून मोजतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यापासून वाचा. जिथं मला नवीन लागेल, तिथं आमचं राहिलं होतं."

"पण मागचं तुम्हाला नको होतं ना? तिच्या आवाजातलं."

मास्तरांनी बाही उलटी केली, शिवण ओढून बघितली. "ते पुसत नाही एवढ्यात," ते म्हणाले.

मावशीला स्वतःच वाचायचं होतं. पहिल्या दिवशी तिने सुरुवात केली. वीस मिनिटांत पाऊण पान झालं आणि मास्तर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "मावशी, या गतीनं ती बहीण परत आली तरी मी नसेन." मग कंडक्टरबाईला बोलावणं गेलं. तिची सकाळची पाळी तीनला सुटायची. साडेतीनला ती खाकी गणवेशातच दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि वाचायची.

वाचायची म्हणजे पुकारायची. घड्याळजीच्या आईचं मरण तिने अशा आवाजात सांगितलं की रस्त्यावरचे दोघे जण आत डोकावले.

"जरा हळू गं," मावशी म्हणाली.

"हळू म्हणजे कसं?"

"मेलीय ती. स्टॉप नाही आला."

डोकावलेले दोघे बसले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, एकाने बटण लावायला शर्ट आणला होता. तिसऱ्या दिवशी ओल्या कपड्यांवाली दोन्ही घरं आली, एकीचा साडीचा फॉल, दुसरीचा उशीचा अभ्रा. चौथ्या दिवसापर्यंत गल्लीत कुणाचा कपडा फाटायचा राहिला नाही. सूनबाई आली ती काहीच न आणता आली, म्हणाली, "मी नुसतीच बसते. घरी आई दिवसभर त्याच पुस्तकाबद्दल बोलतात, आणि सांगत काहीच नाहीत."

मास्तर मशीनवर. मध्येच एक शब्द टाकायचे. "हे झालंय." कधी, "इथं ती हसली होती." कधी वाचणाऱ्याच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायचे आणि ते बरोबर निघायचं. कंडक्टरबाई चिडायची. "मग वाचता कशाला माझ्याकडून?"

मावशी कोपऱ्यात बसायची. हात रिकामे नकोत म्हणून तिने डबा सोबत आणला होता. जी पुस्तकं परत यायची त्यांच्या सावल्या शोधून ती एकेक पट्टी जागेवर घालायची. लांबी जुळायला हवी, कापलेल्या टोकाचा तिरकेपणा जुळायला हवा. एका दुपारी चार-पाच. काढायला दोन दिवस लागले होते, घालायला तीन आठवडे लागणार होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. एका डोळ्याने मात्र ती मास्तरांच्या पायाकडे बघायची. मशीनचा पायटा चालतोय म्हणजे जुनं.

शंभर पानं झाली. दीडशे झाली. बहीण गेली, घड्याळजीने तिच्या खोलीतलं घड्याळ बंद करून ठेवलं. "झालंय," मास्तर म्हणाले. एकशे ऐंशी. कंडक्टरबाईच्या कपाळावर घाम यायला लागला, कारण शेवट तिला एकटीलाच ठाऊक होता आणि तो तिच्या पोटात मावत नव्हता. बसमध्येही ती हल्ली उतारूंशी कमी बोलते म्हणे.

मावशीच्या मनात वेगळीच धास्ती. न जाणो, तीनशे बाराव्या पानापर्यंत हा माणूस 'झालंय' म्हणत राहिला तर? म्हणजे यांचं पुस्तक संपलेलं होतं आणि यांना आठवत नाही? किंवा आठवायचंच नाही?

नवव्या दिवशी, दोनशे चारव्या पानावर, घड्याळजी दुकान बंद करायला उठतो आणि दाराशी कुणाचा तरी पाय वाजतो. कंडक्टरबाई वाचत होती. मास्तरांचा पायटा थांबला.

"थांबा," ते म्हणाले.

सगळे थांबले. शर्टवाला बसल्या जागी ताठ झाला.

"हे नवीन?" मावशीने विचारलं.

"नाही. पाय वाजला, इथपर्यंत झालंय. इथं ती म्हणाली, आता चहा ठेवते. आणि पुस्तक पालथं घातलं." त्यांनी मशीनच्या शेजारची जागा दाखवली, जिथे आता मोजपट्टी आणि खडू होते. "चहा घेतला. मग कुणी तरी गिऱ्हाईक आलं. मग दुसऱ्या दिवशी तिला बरं नव्हतं."

कंडक्टरबाईने पुस्तक मांडीवर उघडंच ठेवलं.

मावशी उठली. डब्यातून एक पट्टी काढली, दोनशे चार आणि दोनशे पाचच्या मध्ये घातली, टोक बरोबर पानाच्या वरच्या कडेला लावलं. "सापडली," ती म्हणाली. "आता घाई नाही, मास्तर. पुढचं आज वाचू, नाही तर आठ दिवसांनी वाचू. नाही तर वाचूच नये. खूण कुठे जात नाही."

मास्तर उठले, मागच्या शेगडीपाशी गेले आणि चहाचं आधण ठेवलं. माणसं सात, कप चार. सूनबाई धावत घरून तीन घेऊन आली. चहा अंमळ फिका झाला होता. मास्तरीणबाई असत्या तर बोलल्या असत्या, असं ते स्वतःच म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी आपला कप संपवून मशीनवर बसले.

"हं," ते म्हणाले. "कोण आलंय दाराशी?"

कंडक्टरबाईने पान उलटलं. या वेळी तिने आवाज चढवला नाही. दाराशी टपालवाला होता. बहीण नव्हती. शर्टवाल्याने निराश होऊन मांडीवर हात मारला, तशी कंडक्टरबाई वर न बघता म्हणाली, "मधे बोलायचं नाही," आणि पुढे वाचू लागली. टपालवाल्याच्या हातात एक बंद पडलेलं घड्याळ होतं, दूरच्या गावाहून दुरुस्तीला आलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

पायटा परत सुरू झाला होता. मावशीने डोळा बारीक करून बघितलं. मास्तरांची मान मशीनवर होती, पण कान स्टुलाकडे. सुई खटखट पुढे चालली होती, एका नव्या विजारीच्या खिशावरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, सुरेख आणि साफ चुकीची.

"मास्तर," मावशी हळूच म्हणाली, "खिशाचं तोंड शिवलंत."

"असू दे, उसवता येतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही वाचा हो."